मुकुंदराजांच्या मुलखात गद्याची बाजू

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९८३ साली अंबाजोगाईला भरले, १९८५ साली नांदेडला आणि २०२२ साली लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला. अध्यक्ष होते अनुक्रमे व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि भारत सासणे. तिघेही कथाकार, म्हणजे गद्याचे मानकरी. मांडवातली गर्दी मात्र आपल्याकडे कुठल्याही संमेलनात कविसंमेलनाला लोटते, आणि कविकट्ट्यावर नाव नोंदवायला रांग लागते. अध्यक्षपद गद्याला आणि श्रोते कवितेला, अशी ही वाटणी आहे. कविता श्रेष्ठ की गद्य, हा प्रश्न मराठीत वारंवार विचारला जातो आणि दोन्ही आपापल्या जागी थोर असे म्हणून तितक्याच वेळा मिटवला जातो. नांदेड-लातूरच्या पट्ट्यात तो असा मिटवता येत नाही. या भागात दोघांनी कोणती कामे केली, कोणाच्या वाट्याला कोणते दिवस आले आणि कोणाचे काम अजून अर्धे राहिले आहे, हे नावागावानिशी सांगता येते. सगळा पुरावा समोर ठेवल्यावर माझे मत असे झाले आहे की या मुलखाने कवितेचे ऋण पुरेपूर मानले आणि गद्याकडे दुर्लक्ष केले. आज त्याला जास्त गरज गद्याची आहे.

आधी शब्दांचा गुंता सोडवायला हवा. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी छंदात बसवलेले ते काव्य आणि न बसवलेले ते अकाव्य असे कधी मानले नाही. भामह आणि दंडी दोघेही काव्याचे गद्य आणि पद्य असे प्रकार करतात, आणि गद्य हीच कवीची कसोटी असे सांगणारे वचन संस्कृतात प्रसिद्ध आहे. उलट भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' हा गणिताचा ग्रंथ श्लोकांत रचला. त्रैराशिकाचा नियम वृत्तात बसवला म्हणून त्याची कविता होत नाही. तो पाठ व्हायला सोपा जातो, एवढेच. म्हणजे वृत्त हे मुळात साठवणीचे साधन आहे. धान्यासाठी कणगी असते तसे ते वाक्यासाठी असते. कवितेचे आणखी गुण आहेत आणि त्यांच्याकडे पुढे येऊच, पण या भागातला तिचा इतिहास साठवणुकीपासून सुरू होतो.

गोदावरीच्या काठाने हा पुरावा फार जुन्या काळापर्यंत मागे जातो. पैठणच्या सातवाहनांशी दोन ग्रंथांची नावे जोडली जातात. हालाच्या नावावरची 'गाथासप्तशती' महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथांची आहे आणि ती आजही आपल्या हातात आहे. गुणाढ्याची पैशाची भाषेतली 'बृहत्कथा' गद्यात होती असे मानणारे अभ्यासक बरेच आहेत. ती मूळ रूपात नाहीशी झाली आणि तिच्या कथा उरल्या त्या काश्मीरात क्षेमेंद्राने आणि सोमदेवाने अकराव्या शतकात केलेल्या संस्कृत पद्यानुवादांत. पुढे अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी दाखवतात. त्यांच्या 'विवेकसिंधू'चा काळ शके १११०, म्हणजे ११८८, असा सांगितला जातो. त्यावर वाद आहेत, पण ग्रंथ ओवीबद्ध आहे याबद्दल वाद नाही. त्याच गावच्या दासोपंतांनी गीतेवर 'गीतार्णव' लिहिला, त्याची ओवीसंख्या सव्वा लाख सांगतात. वेदान्तातले पंचीकरण त्यांनी सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर लिहून काढले आणि ती 'पासोडी' अंबाजोगाईला जपली गेली. वेदान्तासारखा विषय, ज्याला आज आपण सरळ निबंधाचा विषय म्हणू, तो या माणसांनी ओवीच्या हवाली केला, कारण ऐकणाऱ्याच्या घरात पोथी असेलच याची खात्री नव्हती.

ओवी-अभंगाच्या ताकदीचा सगळ्यात मोठा दाखला खुद्द नांदेडात आहे. हिंगोलीजवळच्या नरसीचे म्हणून ओळखले जाणारे नामदेव पंजाबपर्यंत गेले. त्यांची ६१ पदे शिखांच्या आदिग्रंथात समाविष्ट झाली. १७०८ साली गोदावरीच्या काठी, नांदेडला, गुरू गोविंदसिंगांनी आपल्यामागे कोणी माणूस गुरू न नेमता ग्रंथालाच गुरुगादी दिली. सगळा ग्रंथ पद्यात आहे आणि त्याची मांडणी रागांनुसार आहे. नरसीतून निघालेला नामदेवांचा शब्द असा चार शतकांचा फेरा करून, दुसऱ्या भाषेचा आणि दुसऱ्या लिपीचा होऊन, शेजारच्या नांदेडला गुरू म्हणून परत आला. गद्याच्या पदरी इतका लांबचा प्रवास मला मराठीत तरी दिसत नाही.

पोथीपलीकडची कविता जात्यावर होती. ग्रंथातली ओवी साडेतीन चरणांची असते, तर जात्यावरची बहुधा दोन ओळींत आटपते. पहाटे दोघी समोरासमोर बसतात, खुंट्याला दोघींचे हात, आणि एक जण मध्येच मूठभर ज्वारीची वैरण घालते. एकीने ओळ उचलायची, दुसरीने ती झेलायची. जाते जड चालले की शब्द लांबतो, हलके झाले की ओळ धावते. त्या लयीला दळणाऱ्या बाईच्या दमाचे माप आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रभर फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत मराठवाड्यातल्या बायांच्याही ओव्या आहेत. या ओव्यांत सीता वारंवार येते, आणि सीतेचा वनवास सांगताना बाई स्वतःचे सांगत असते हे सगळ्या घराला कळते. सासू ओसरीवर ऐकत असते, पण ऐकले नाही असे धरून चालते. ओवीची ही सोय फार मोलाची होती. तिने बोलणारीला झाकून ठेवले आणि तरी बोलू दिले.

माझा मुद्दा या सोयीपासूनच सुरू होतो. जी ओवी बोलणारीला झाकते ती ऐकणाऱ्यालाही मोकळे सोडते. सीतेच्या नावाने गायलेल्या दुःखाचा जाब कोणाला विचारायचा? त्या ओवीत किती पायली दळण रोजचे होते, कर्जाचा आकडा काय होता, कोणत्या साली कोणी घराबाहेर काढले, हे येत नाही आणि येण्याची अपेक्षाही नसते. गद्यात हे यावेच लागते. गद्याचे वाक्य कोणी तरी खोडून काढू शकतो, तारीख चुकली म्हणू शकतो, पुरावा मागू शकतो. टिकून राहणे हा पद्याचा सर्वांत मोठा गुण मानला, तर उत्तर द्यायला बांधील असणे हा गद्याचा. या दुसऱ्या गुणाला मोल यायचे तर समाजात प्रश्न विचारण्याची मुभा लागते. ती मुभा या भागाला फार उशिरा मिळाली.

यावर पहिला आक्षेप लगेच येईल, आणि तो वजनदार आहे. मराठीतला आद्य चरित्रग्रंथच गद्यात आहे. म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र' तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातले, 'ज्ञानेश्वरी'च्या आधीचे. नांदेड जिल्ह्यातले माहूर हे महानुभावांच्या पवित्र स्थानांपैकी एक. मग इथल्या गद्याला पोरके कसे म्हणायचे? महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांचे उठणे-बसणे, जेवणे, रागावणे, वाटेत भेटलेल्या माणसाशी झालेले दोन शब्द, हे सगळे त्या ग्रंथात अशा साध्या, तुटक, जिवंत वाक्यांत आहे की आजच्या कथाकाराने तिथे शिकायला बसावे. पण पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळसारख्या सांकेतिक लिप्यांत ठेवले, आणि त्यांची उकल विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी केली तेव्हा कुठे ते इतरांना वाचता आले. म्हणजे जवळजवळ सहा शतके मराठीचे सर्वांत कसदार गद्य मराठी लिहिणाऱ्या बहुतेकांपासून लपलेले राहिले. मूळ प्रत हरवल्यावर 'लीळाचरित्र' शिष्यांच्या आठवणीतून पुन्हा जुळवावे लागले आणि त्याचे पाठ वेगवेगळे झाले. पाठ बिघडणे हा काही गद्याचाच दोष नव्हे. 'ज्ञानेश्वरी'चीही प्रत एकनाथांना १५८४ साली शुद्ध करावी लागली. फरक एवढाच की 'ज्ञानेश्वरी' चुकीच्या पाठानिशीही गावोगाव म्हटली जात होती, आणि म्हणून तिला शुद्ध करावेसे वाटणारा वारस मिळाला.

दुसरा अडथळा राज्याचा होता. मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' १८३२ साली निघाले, पुण्यात चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ साली सुरू झाली. त्या काळात नांदेड, लातूर, उदगीर निजामाच्या राज्यात होते. दरबारची भाषा आधी फारसी, मग उर्दू. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही उर्दू माध्यमाचे. पुण्या-मुंबईचे गद्य कचेरी, शाळा, वर्तमानपत्र आणि सभा यांच्यावर पोसले गेले. यांपैकी एकही जागा इथे मराठीला धड मोकळी नव्हती. 'निजाम विजय' हे मराठी साप्ताहिक निघाले ते १९२० साली, हैदराबादेत. सभेवर तर 'गश्ती निशाण ५३' या फर्मानाची टांगती तलवार होती. परवानगीशिवाय सभा नाही, म्हणजे जाहीर गद्यच नाही. अशा दिवसांत लिहिणारा मराठी माणूस कवितेकडे वळला तर नवल कसले. १९१३ हे एकच साल घ्या. त्या वर्षी नांदेडात वा. रा. कांत जन्मले आणि परभणीजवळ सातोन्याला बी. रघुनाथ. कांत कवी म्हणूनच ओळखले गेले आणि त्यांचे 'बगळ्यांची माळ फुले' हे गीत वसंतराव देशपांड्यांच्या गळ्यातून महाराष्ट्रभर गेले. बी. रघुनाथ बांधकाम खात्यात नोकरी करत कविताही लिहीत होते आणि कादंबऱ्याही. १९५३ साली, चाळिशीत, ते कचेरीतच गेले. त्यांच्या कविता आजही म्हटल्या जातात, पण 'आडगावचे चौधरी' किंवा 'जगाला कळले पाहिजे' या कादंबऱ्या किती जणांनी वाचल्या? निजामी अंमलातला मराठी कारकून आणि त्याची चणचण समजून घ्यायची तर त्या कादंबऱ्यांना दुसरा पर्याय नाही. एकाच लेखकाच्या दोन हातांना आपण अशी वेगवेगळी वागणूक दिली आहे.

१९४८ च्या १७ सप्टेंबरला निजामी राज्य संपल्यावर सभा मोकळी झाली, आणि नांदेडला एक गद्यलेखक उभा राहिला. पीपल्स कॉलेजातले नरहर कुरुंदकर. त्यांनी आय. ए. रिचर्ड्सच्या कलामीमांसेवर पुस्तक लिहिले, हे या विषयात मुद्दाम लक्षात घ्यावे असे आहे. रिचर्ड्सची वाटणी थोडक्यात अशी: भाषेचा एक वापर वस्तुस्थितीकडे बोट दाखवतो, तो खरा की खोटा हे तपासता येते. दुसरा वापर भावना जागवतो, आणि कवितेतले विधान त्या अर्थाने खरे-खोटे नसते. कुरुंदकरांच्या लेखनात या पहिल्या वापराचा ध्यास दिसतो. मनुस्मृती असो, शिवाजी असो की मराठी कादंबरी, त्यांची रीत ठरलेली आहे. आधी समोरच्याची बाजू तो स्वतः मांडणार नाही इतक्या भक्कमपणे मांडायची, मग तिच्यातला एकेक चिरा सरकवायचा. रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ला प्रस्तावना म्हणून त्यांचे प्रदीर्घ पत्र छापले आहे. ते कादंबरीची भलावण करत नाही, लेखकाला प्रश्न विचारते. वाचणारा कुरुंदकरांशी असहमत होऊ शकतो, आणि अनेक जण झाले. त्यांच्या गद्याची हीच प्रतिष्ठा आहे. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादला व्यासपीठावरच त्यांचे निधन झाले, पन्नाशीच्या आत. या भागातला पहिल्या प्रतीचा गद्यलेखक सभेत बोलता बोलता घडला, हा योगायोग नव्हे. ज्या गोष्टीला परवानगी लागत होती तीच त्याने आयुष्यभर केली.

कुरुंदकरांचे गद्य शिकलेल्या माणसाचे होते. १९७० नंतर ते ज्यांच्याकडे गेले त्यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. उदगीर भागातले प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' १९७९ साली आले. लातूर तालुक्यातल्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दलित साहित्याचा पहिला मोठा स्फोट कवितेत झाला, नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ चा, हे मला मान्यच आहे. पण 'उचल्या'त जे आहे ते कवितेत कसे आले असते? ब्लेडने खिसा कसा कापायचा, पोरांना मार खायची सवय कशी लावायची, पोलीस दारात आल्यावर घरातल्या बायांवर काय गुदरते, सूतगिरणीत कामाला लागलेल्या माणसाला जात कशी आडवी येते, हे तपशील आहेत. ते एकामागून एक, कारण आणि परिणाम धरून सांगावे लागतात. ज्या जमातीला कायद्यानेच जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्या जमातीचा माणूस स्वतःच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो आणि सांगतो, ती साक्ष गद्यातच देता येते. प्रतिमेची उलटतपासणी घेता येत नाही.

अशीच गद्यात साक्ष मागणारी एक रात्र या भागाच्या इतिहासात आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. गणपती बोळवून लोक झोपले होते. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत दहा हजारांच्या आसपास माणसे गेली, ५२ गावे नव्याने वसवावी लागली. त्यावर कविता झाल्या, शोकगीते झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. रडण्याला वृत्त मिळाले की ते एकट्याचे राहत नाही. पण माणसे का मेली याचे उत्तर गद्यात आहे. भिंती दोन-अडीच हात जाड, वेड्यावाकड्या दगडांच्या, मातीच्या गाऱ्यात रचलेल्या होत्या. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला एकमेकांत बांधणारे आडवे लांब दगड घातलेले नव्हते, आणि वर माळवदावर दरवर्षी चढवलेल्या मातीचा बोजा होता. हादरा बसताच दोन थर फाकले आणि माळवद खाली आले. हे वाक्य वाचून कोणाला गहिवर येणार नाही, पण गवंड्याने ते वाचले तर पुढची भिंत उभी राहील. लातूरच्या अतुल देऊळगावकरांनी 'डळमळले भूमंडळ'मध्ये हे काम केले, आणि पुढे पर्यावरणावर लिहिलेल्या पुस्तकाला 'विश्वाचे आर्त' हे ज्ञानेश्वरांचे शब्द नाव म्हणून घेतले. गद्याने पद्याकडून काय घ्यावे याचा हा चांगला नमुना आहे.

दुसरा आक्षेप असा की मी कवितेला कामाच्या तराजूत तोलतो आहे आणि ती त्यासाठी नसतेच. जे तर्काने सांगता येत नाही ते कविता सांगते. हे खरेच आहे. इंद्रजित भालेरावांच्या 'पीकपाणी'तून मराठवाड्यातल्या रानाचा जो वास येतो, तो कृषी खात्याच्या अहवालात येणार नाही. पण तर्कापलीकडचे सांगण्याची मक्तेदारीही कवितेकडे नाही. भास्कर चंदनशिवांची 'लाल चिखल' ही कथा पाहा. बाजारात टोमॅटोला भाव मिळत नाही आणि शेतकरी आपलाच माल पायांखाली तुडवतो. त्या तुडवण्यात राग, लाज आणि असहायता एकदम येते, आणि तरी भाव किती होता हे कथा विसरत नाही. परभणीच्या आसाराम लोमटे यांच्या 'आलोक' या कथासंग्रहाला २०१६ साली साहित्य अकादमी मिळाली. भावनेचे काम गद्यालाही करता येते, हे मराठवाड्याच्याच कथाकारांनी दाखवले आहे. हिशेबाचे काम कवितेला करता येत नाही. तराजू थोडा गद्याकडे झुकतो तो इथे.

झुकता तराजू म्हणजे कवितेचा पराभव नव्हे. तिने आपले काम हजार वर्षे, कागद नसताना, शाळा नसताना, परवानगी नसताना चोख केले. आता कागद आहे. नांदेडला १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. लातूरचे नाव तर परीक्षेच्या निकालांसाठी राज्यभर घेतले जाते. तरीही आपल्या गावाची विहीर कधी आटली, सावकारी कशी चालली, रझाकारांच्या दिवसांत कोण कोणाच्या घरी लपले, यावर दोन पाने नीट गद्य लिहिणारा माणूस तालुक्यात शोधावा लागतो. गद्याला वेळ लागतो, टिपणे लागतात, चूक दाखवली तर सुधारण्याची तयारी लागते, आणि टाळी लगेच मिळत नाही. संमेलने भरवणाऱ्यांनी कविकट्ट्याच्या शेजारी गद्यवाचनासाठी एक मांडव घालावा, आणि तिथे वाचणाऱ्याला श्रोत्यांनी प्रश्न विचारावेत.

आणि एक काम कोणालाही आजपासून करता येईल. औसा, अहमदपूर, कंधार, मुखेडच्या गावांत जात्यावरच्या ओव्या येणाऱ्या म्हाताऱ्या बाया अजून आहेत. नातवंडे त्यांचे गाणे मोबाईलवर भरून घेतात, हे चांगलेच आहे. पण तेवढ्यावर थांबू नका. राईरकर आणि पॉइटवँ यांनी ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव नोंदवले, म्हणून त्या ओव्यांना आज माणसे आहेत. आपणही ओवीखाली बाईचे नाव लिहा, गाव लिहा, ती कोणत्या साली दुष्काळात खडी फोडायला गेली ते लिहा, किती लेकरे जगली ते लिहा. ओवी तिने सांभाळली आहे. ही पाच-सहा वाक्ये आपण लिहायची राहिली आहेत.